आधी पान, मग जाहिरात: स्वतःचं पुस्तक स्वतः विकणाऱ्यांसाठी

स्वतः पुस्तक काढणारे बहुतेक नवे लेखक विक्रीची सुरुवात सगळ्यात शेवटच्या कामापासून करतात. फाइल अपलोड झाली की समाजमाध्यमांवर पोस्ट, ओळखीच्या प्रत्येकाला लिंक, खिशात थोडे पैसे असतील तर जाहिरात. आठवडाभर प्रती जातात. मग ओळखीचे लोक संपतात आणि विक्रीही थांबते. जाहिरात किंवा पोस्ट माणसाला पुस्तकाच्या विक्रीपानापर्यंत आणून सोडते, त्यापलीकडे काही करत नाही. पुढचा निर्णय तो मुखपृष्ठ, चार ओळींचा मजकूर, किंमत आणि इतरांचे अभिप्राय बघून घेतो. हे चार घटक कच्चे असतील तर जितके जास्त लोक आणाल तितके जास्त लोक न घेता परत जातील. म्हणून खालची कामं ज्या क्रमाने लिहिली आहेत त्याच क्रमाने करावीत असं माझं मत आहे. लेखन, संपादन आणि मुद्रितशोधन नीट झालं आहे, हे गृहीत धरतो.

१. वाचक शोधा, तोही नेमका

‘माझं पुस्तक सगळ्यांसाठी आहे’ हे उत्तर विक्रीच्या कामाचं नाही. तुमच्या पुस्तकाच्या जवळची, गेल्या तीन-चार वर्षांत आलेली आणि अजून खपणारी पाच पुस्तकं निवडा. अभिजात ग्रंथ किंवा प्रचंड गाजलेलं पुस्तक त्यात धरू नका, कारण त्यांची विक्री वेगळ्या कारणांनी होते. प्रत्येकाची किंमत, पृष्ठसंख्या, वर्गवारी आणि मुखपृष्ठाची धाटणी एका कागदावर उतरवून घ्या.

मग अभिप्राय वाचा. पाच ताऱ्यांचे अभिप्राय कौतुकाचे असतात, एका ताऱ्याचे बहुधा रागाचे. तीन ताऱ्यांचे मात्र सावकाश वाचावेत. तिथे वाचक काय आवडलं आणि काय कमी पडलं हे स्वतःच्या शब्दांत सांगतो. ‘कथा छान, पण मधली शंभर पानं रेंगाळतात’, ‘माहिती चांगली, पण सुरुवात कशी करायची तेच सांगितलं नाही’. पुस्तकाच्या ओळखीचा मजकूर लिहाल तेव्हा हेच शब्द उपयोगी पडतील.

२. एका प्रतीचा हिशेब

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून टाळलं जातं, आणि पुढचे बहुतेक चुकीचे निर्णय त्यातून होतात.

छपाईचे दोन मार्ग आहेत. ऑफसेटमध्ये, म्हणजे एकदम गठ्ठ्याने छापण्यात, सुरुवातीचा खर्च मोठा, पण प्रती वाढतील तसा एका प्रतीचा खर्च उतरतो. मागणीनुसार छपाईत, म्हणजे प्रिंट ऑन डिमांडमध्ये, ऑर्डर आली की एक प्रत छापली जाते. प्रतीमागे खर्च जास्त, पण गठ्ठे सांभाळावे लागत नाहीत. मुद्रक ‘हजार प्रती काढा, स्वस्त पडेल’ असं सांगतो तेव्हा त्याचा हिशेब बरोबर असतो, पण तो छापलेल्या प्रतीचा. तुम्हाला हिशेब मांडायचा आहे विकलेल्या प्रतीचा. हजारातल्या सातशे प्रती घरात राहिल्या तर त्यांचा खर्च उरलेल्या तीनशेंवर पडतो. पहिल्या पुस्तकासाठी मागणीनुसार छपाईच बरी. अपवाद एकच: प्रती कोण घेणार आहे ते आधीच पक्कं असेल, उदाहरणार्थ एखाद्या संस्थेची ठोक मागणी हातात असेल.

आता आकडे. समजा, छापील किंमत १०० आहे आणि एक प्रत छापायला २८ लागतात. पुस्तक वितरकामार्फत दुकानांत जावं असं वाटत असेल तर घाऊक सवलत बरेचदा ५५ टक्क्यांपर्यंत द्यावी लागते. त्यातली काही वितरक ठेवतो, बाकी दुकानाला जाते. तुमच्याकडे ४५ आले, छपाई वजा जाता १७ उरले. तीच प्रत तुम्ही स्वतः एखाद्या कार्यक्रमात हातोहात विकली तर ७२ उरतात. आणि समजा ईबुकची किंमत ५० ठेवली आणि रॉयल्टी ७० टक्के मिळाली, तर साधारण ३५. निम्म्या किमतीचं ईबुक दुकानातल्या छापील प्रतीच्या दुप्पट देऊन जातं! नव्या लेखकांना दुकानातल्या फळीचं आकर्षण असतं आणि ते मी समजू शकतो, पण पैसा तिथे सगळ्यात कमी आहे.

दुकानाच्या हिशेबात आणखी एक खाच आहे. बरीच दुकानं न विकलेली प्रत परत करता येत असेल तरच पुस्तक ठेवतात. प्रत परत आली की तुम्हाला मिळालेले ४५ परत जातात, छपाईचे २८ मात्र गेलेलेच असतात. म्हणजे एका परत आलेल्या प्रतीचा खड्डा भरायला आणखी दोन प्रती विकाव्या लागतात. परतीची सोय द्यायची की नाही हे हा आकडा समोर ठेवून ठरवा.

ॲमेझॉनच्या केडीपी या स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर ईबुकसाठी ३५ आणि ७० टक्के असे दोन रॉयल्टी दर आहेत. अमेरिकी बाजारात ७० टक्क्यांसाठी किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या दरम्यान असावी लागते, ती छापील आवृत्तीपेक्षा किमान २० टक्के कमी असावी लागते, आणि फाइलच्या आकारानुसार पोहोचवण्याचा खर्च कापला जातो. चित्रांनी भरलेलं पुस्तक असेल तर ही कपात जाणवते; अपलोड करण्याआधी चित्रं लहान करून घ्या. कागदी पुस्तकावर जून २०२५ पासून ९.९९ डॉलरपेक्षा कमी किंमत असल्यास ५० टक्के, ९.९९ किंवा त्याहून जास्त असल्यास ६० टक्के रॉयल्टी, आणि त्यातून छपाईचा खर्च वजा. त्यामुळे ९.५० आणि ९.९९ मधला फरक दिसतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

किंमत ठरवताना भीतीपोटी अगदी खाली जाऊ नका. कागदावर उतरवलेल्या त्या पाच पुस्तकांच्या किमतींच्या मधोमध राहा.

३. आयएसबीएन आणि वर्गवारी

आयएसबीएन हा फक्त ओळखक्रमांक आहे. त्याने कॉपीराइट मिळत नाही आणि तो नसल्याने कॉपीराइट जातही नाही. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी आहे. प्रत्येक रूपाला वेगळा क्रमांक लागतो: कागदी बांधणीला एक, पुठ्ठा बांधणीला दुसरा, ईपबला, म्हणजे ईबुकच्या फाइलला, तिसरा. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो, मजकुरात मोठे बदल करून नवी आवृत्ती काढली तर नवा घ्यावा लागतो. क्रमांक देणारी यंत्रणा प्रत्येक देशाची वेगळी असते. कुठे तो फुकट मिळतो, कुठे विकत. केडीपी कागदी पुस्तकासाठी फुकट क्रमांक देते, पण तो दुसऱ्या मुद्रकाकडे वापरता येत नाही. पुढे दुकानं किंवा ग्रंथालयांत जायचा विचार असेल तर स्वतःच्या नावाचा क्रमांक घेतलेला बरा.

वर्गवारीचं काम लोक दोन मिनिटांत उरकतात. केडीपीवर तीन वर्ग आणि सात शोधशब्दांच्या चौकटी मिळतात. ‘कादंबरी’ या वर्गात तुमचं पुस्तक लाखोंच्या गर्दीत बुडेल. ‘ऐतिहासिक रहस्य’ किंवा ‘लहान मुलांच्या पालकांसाठी झोपेविषयी’ अशा अरुंद वर्गात ते निदान दिसेल. शोधशब्दांत शीर्षकातले शब्द पुन्हा लिहू नका, ते आधीच धरले जातात. वाचक शोधचौकटीत काय टाइप करेल ते लिहा. तिथे टाइप करायला सुरुवात केल्यावर खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या खऱ्या शोधांवरून येतात, आणि ही माहिती फुकट आहे.

४. मुखपृष्ठ आणि ओळखीचा मजकूर

मुखपृष्ठ तुम्हाला आवडण्यासाठी नसतं. ते वाचकाला एका क्षणात सांगतं, हे अमुक प्रकारचं पुस्तक आहे. तुमच्या पाच पुस्तकांची मुखपृष्ठं शेजारी मांडा, त्यात आपलं ठेवा, आणि सगळी अंगठ्याच्या नखाएवढी करून मोबाइलवर बघा. शीर्षक वाचता येतं का? प्रकार कळतो का? पैसे खर्च करायला एकच जागा असेल तर संपादनानंतर ती ही. भाचीने काढलेलं सुंदर चित्र आत वापरा. ईबुकच्या मुखपृष्ठासाठी केडीपी २५६० बाय १६०० पिक्सेल सुचवते, म्हणजे उंची रुंदीच्या १.६ पट. कागदी पुस्तक ८० पानांहून कमी असेल तर कण्यावर, म्हणजे बांधणीच्या कडेवर, मजकूर छापता येत नाही, हे कवितासंग्रहवाल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

आता मजकूर. ब्लर्ब म्हणा, मलपृष्ठाची ओळख म्हणा. लेखक इथे हमखास समीक्षक होतात: ‘मानवी नात्यांच्या गुंतागुंतीचा वेध घेणारी, वाचकाला अंतर्मुख करणारी कलाकृती.’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतं, आणि म्हणूनच ते निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं काही:

‘बावीस वर्षांपूर्वी नदीत बुडालेल्या भावाचं पत्र आज टपालात आलं. अक्षर त्याचंच. तारीख परवाची. शारदाने ते आईला दाखवलं, आणि आई म्हणाली, “उशीर केलास.”’

इथे कथा सांगितलेली नाही, फक्त दार किलकिलं केलं आहे. कथात्मक पुस्तकाला माणूस, अडचण आणि पणाला काय लागलं आहे, एवढं पुरतं. शेवट सांगू नका, पात्रांची यादी देऊ नका. माहितीपर पुस्तकाला वेगळी रचना लागते. वाचकाची अडचण त्याच्याच शब्दांत, मग पुस्तक संपल्यावर त्याला काय करता येईल, मग हे लिहिण्याचा तुमचा अधिकार एका ओळीत. दोन्हीकडे पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या, कारण विक्रीपानावर बाकीचा मजकूर ‘अधिक वाचा’च्या मागे दडतो.

५. कुठे विकायचं: एकाच दुकानात की सगळीकडे

केडीपी सिलेक्ट या योजनेत ईबुक ९० दिवस फक्त ॲमेझॉनवर ठेवायचं असतं, स्वतःच्या संकेतस्थळावरसुद्धा विकता येत नाही. बदल्यात ते किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत जातं, वाचल्या गेलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात, आणि दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट देता येतं. हे बंधन फक्त ईबुकवर आहे; कागदी प्रत कुठेही विका. मुदत संपली की योजना आपोआप पुढे चालू राहते, ती बंद करायची असेल तर तो पर्याय स्वतः काढावा लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे कोबो, ॲपल बुक्स, गूगल प्ले बुक्स अशा ईबुकच्या सगळ्या दुकानांत एकदम. ड्राफ्ट टू डिजिटलसारखी मधली सेवा हिस्सा घेऊन एकाच फाइलवरून बरीचशी दुकानं सांभाळते. कागदी प्रतींसाठी इनग्रामस्पार्क वितरणाच्या मोठ्या जाळ्यात पुस्तक नेते. प्रेमकथा, रहस्य, विज्ञानकथा लिहिणाऱ्या नवख्याने पहिले ९० दिवस सिलेक्टमध्ये काढून बघावेत, कारण या प्रकारांचे वाचक महिन्याकाठी भरपूर पुस्तकं वाचतात. माहितीपर पुस्तकवाल्याने सरळ सगळीकडे जावं. भाषा आणि देशाप्रमाणे सेवांचे नियम बदलतात, तेव्हा खातं उघडण्याआधी त्या-त्या सेवेचं मदतपान वाचून घ्या.

६. पहिले अभिप्राय

पुस्तक येण्याआधी दीड-दोन महिने आगाऊ वाचक गोळा करा. वीस-तीस माणसं पुरेत, पण ती त्या प्रकारचं पुस्तक एरवीही वाचणारी हवीत. त्यांना फुकट प्रत द्या आणि प्रामाणिक मत लिहा एवढंच सांगा. सगळे लिहीत नाहीत. निम्म्यांनी लिहिलं तरी छान झालं म्हणायचं.

इथले नियम कडक आहेत. ॲमेझॉन नातेवाईक आणि जवळच्या मित्रांचे अभिप्राय काढून टाकतं, पैसे किंवा भेट देऊन लिहून घेतलेले तर चालतच नाहीत, आणि दोन लेखकांनी ‘तू माझा लिही, मी तुझा लिहितो’ करणंही बंद आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये खोट्या अभिप्रायांवर दंड लावता येईल असा नियमच आणला. आईने पाच तारे दिले तर ते खातं धोक्यात घालण्याइतके मोलाचे नाहीत. तिला पुस्तक चार जणांना द्यायला सांगा, त्याचा जास्त उपयोग होतो.

वाईट अभिप्राय आला तर उत्तर देऊ नका. कधीच नाही. तीन जण एकच दोष दाखवत असतील तर दोष दुरुस्त करा. मागणीनुसार छपाई आणि ईबुकमध्ये नवी फाइल चढवणं अर्ध्या तासाचं काम आहे.

७. वाचकांची स्वतःची यादी

समाजमाध्यमावरचे अनुयायी तुमचे नसतात. कंपनीने पोस्ट कुणाला दाखवायची याचं गणित बदललं की तुमचा आवाज उद्या निम्म्यांपर्यंतही पोहोचणार नाही. ईमेलची यादी मात्र तुमच्या हातात राहते, म्हणून पहिल्या पुस्तकाचं खरं उत्पन्न मी पैशांपेक्षा या यादीत मोजतो.

यादी वाढवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे पुस्तकाचं शेवटचं पान. वाचकाने आत्ताच पुस्तक संपवलं आहे, ते आवडलं आहे, आणि तिथे लेखक काय ठेवतात? ऋणनिर्देश. तो पुढे न्या, किंवा आणखी मागे. शेवटच्या ओळीनंतर लगेच तीन गोष्टी ठेवा: अभिप्राय लिहिण्याची साधी विनंती, यादीत नाव नोंदवायचा दुवा (छापील प्रतीत क्यूआर कोड) आणि नाव नोंदवलं तर मिळणारं काहीतरी. वगळलेलं प्रकरण, एखाद्या पात्राची छोटी कथा, माहितीपर पुस्तक असेल तर छापून घेता येणारा तक्ता. दुसरं पुस्तक तयार असेल तर त्याचं पहिलं प्रकरण.

पत्र महिन्यातून एक पुरे, पण नियमित. दर वेळी ‘विकत घ्या’ म्हणू नका. कामाची माहिती, वाचलेलं काही, अर्धवट पडलेल्या प्रकरणाची हकिगत असं चालतं. परवानगीशिवाय कुणाचं नाव यादीत घालू नका आणि प्रत्येक पत्रात बाहेर पडायचा दुवा ठेवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पत्र पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळाच्या नावाच्या पत्त्यावरून, त्याची पडताळणी करून पत्र पाठवा, नाहीतर ते थेट स्पॅममध्ये जाईल.

८. प्रकाशनाचे दिवस

प्रकाशन समारंभ करायचा तर हौसेने करा, पण त्याला विक्रीची योजना समजू नका. विक्रीच्या दृष्टीने पाहिलं तर प्रकाशनाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी पण रोज विक्री होत राहिलेली बरी. एकाच दिवशी ऐंशी प्रती आणि मग शांतता, यापेक्षा रोज सहा-सात प्रती चांगल्या. म्हणून यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी पत्र न पाठवता तीन टप्प्यांत पाठवा. आगाऊ वाचकांनी पहिल्या दिवशी अभिप्राय लिहावेत, पाहुणा लेख किंवा मुलाखत दुसऱ्या आठवड्यात यावी, अशी विभागणी करा.

९. आता जाहिरात

विक्रीपान तयार आहे, दहा-पंधरा अभिप्राय आले आहेत, मगच. गणित सोपं आहे. एका प्रतीमागे तुम्हाला ३५ मिळतात आणि पानावर आलेल्या दहांपैकी एक जण पुस्तक घेतो असं धरू. मग एका क्लिकसाठी ३.५ हून जास्त मोजलेत की तोटा. वीस जणांमागे एकच घेत असेल तर ही मर्यादा पावणेदोनवर येते. क्लिक येतात पण विक्री नाही, तर दोष पानात आहे. चौथ्या पायरीकडे परत जा. क्लिकच येत नसतील तर जाहिरातीचं चित्र किंवा निवडलेला वाचकवर्ग चुकला आहे. रोजची मर्यादा लहान ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि शंभरेक क्लिक होईपर्यंत निष्कर्ष काढू नका.

एकाच पुस्तकावर जाहिरातीतून नफा क्वचित सुटतो. मालिकेत सुटतो, कारण पहिलं पुस्तक घेणारा पुढची तीन घेतो आणि जाहिरातीचा खर्च एकदाच होतो. एकच पुस्तक असेल तर जाहिरातीचे पैसे राखून ठेवून दुसरं लिहायला घ्या. किमतीत सूट असलेली पुस्तकं वाचकांना कळवणाऱ्या बुकबबसारख्या सेवा आहेत. त्यांची मुख्य शिफारस महाग असते आणि निवडही कडक, पण पाठीशी दुसरं पुस्तक असेल तर प्रयत्न करण्याजोगी.

१०. दुकानं, ग्रंथालयं, संस्था

दुकानात गर्दी नसताना जा, आधी तिथलं एक पुस्तक विकत घ्या, आणि बोलणं पाच मिनिटांत संपवा. सोबत एक प्रत आणि एक पानाची माहिती: मुखपृष्ठ, आयएसबीएन, किंमत, सवलत, परतीच्या अटी, कुठून मागवता येईल. ‘विकल्यावर हिशेब’ या बोलीवर प्रती ठेवल्यात तर किती प्रती, कोणत्या तारखेला, हिशेब कधी, हे लिहून सही घ्या. संबंध चांगले असतील तर आणखीच घ्या.

माहितीपर पुस्तकाला मात्र दुकानापेक्षा संस्था जास्त देतात. प्रशिक्षणवर्ग, संघटना, शाळा, कंपन्या एका वेळी पन्नास प्रती घेतात. एका व्याख्यानाच्या मानधनाऐवजी ‘तेवढ्याच प्रती घ्या’ असं सुचवून बघा, बरेच आयोजक आनंदाने तयार होतात.

दारात येणारे पाहुणे

पुस्तक आलं की ईमेल सुरू होतात. कुणी चित्रपट कंपनीचा प्रतिनिधी म्हणवतो, कुणाला तुमचं पुस्तक मोठ्या मेळ्यात मांडायचं असतं, कुणाचा वाचनगट असतो ज्यात हजारो सभासद आहेत. सुरुवात भरपूर स्तुतीने, आणि तिसऱ्या पत्रात शुल्क. खरा प्रतिनिधी विकल्यावर टक्केवारी घेतो, आधी पैसे मागत नाही. ‘बेस्टसेलरची हमी’ देणाऱ्यांना तर उत्तरच देऊ नका. छापून देतो म्हणणाऱ्या कंपनीशी करार करण्याआधी हक्क कुणाकडे राहतात, मुखपृष्ठाच्या आणि पानांच्या मूळ फाइल मिळतात का, करार कसा मोडता येतो, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. रायटर बिवेअर ही लेखकांसाठीची मोफत सेवा अशा फसवणुकींची माहिती गोळा करते. नाव शोधून बघायला दोन मिनिटं लागतात.

वही

दर महिन्याच्या शेवटी एका वहीत किंवा तक्त्यात लिहा: कुठून किती प्रती गेल्या, हातात किती आले, जाहिरातीवर किती गेले, यादीत किती नावं वाढली. केडीपी महिना संपल्यावर साधारण साठ दिवसांनी पैसे देते, दुकानं त्याहून उशिरा, तेव्हा विक्रीचा आणि जमेचा महिना वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. लेखनासाठी वेगळं बँक खातं काढा. कर भरताना पावत्या शोधत बसावं लागत नाही. तीन महिन्यांचे आकडे जमले की ज्या रकान्यातून सगळ्यात जास्त पैसे आले तिथे पुढच्या तीन महिन्यांची मेहनत वळवा, आणि ज्यातून काहीच आलं नाही ते काम बंद करा. बहुतेकांच्या वहीत ते रोजच्या पोस्टचं काम निघतं.